उंबरा नसलेली वाट

दार पहिल्यांदा वाजलं तेव्हा आम्ही तिघंही गप्प बसलो. दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा सासूबाईंनी मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी पुस्तकातल्या ओळीवरचं बोट उचललं नाही, नुसती मान हलवली.

"आज दारफळणी आहे हे साऱ्या गावाला ठाऊक आहे," ते म्हणाले. "जो कोण असेल तो जाईल आपला."

बाहेर परतीचा पाऊस नुसता कोसळत होता. अशा पावसात कोण येतं आणि कोण जातं! पण घरात मी नवी सून, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझं तोंड तेव्हाही फार होतं, तरी त्या दिवशी मी ते मिटून बसले होते. पोटात अन्नपाण्याचा कण नाही, अंगावर पांढरं पातळ, आणि समोर मामंजी देवाच्या न्यायाचं वाचतायत. बोलणार काय?

दारफळणी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आम्ही बेने इस्राएल. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. वर्षातून एकदा आमचा मोठा उपास येतो. त्या दिवशी देव न्यायाला बसतो. पुढच्या वर्षी कोण जगेल आणि कोण जाईल ते त्याच्या पुस्तकात त्या संध्याकाळी पक्कं होतं. जुने लोक त्या दिवशी घराची दारं लावून आत बसायचे. कुणी यायचं नाही, कुणी जायचं नाही. म्हणून तिला म्हणायचं दारफळणी. माझ्या वेळेपर्यंत बाकीचे सगळे सिनेगॉगात जाऊन दिवस काढायला लागले होते. आमचे मामंजी, हसाजी त्यांचं नाव, ते मात्र जुन्या वळणाचे. दार लावलं म्हणजे लावलं. आडवा अडसर घातला म्हणजे संध्याकाळी तारे दिसेपर्यंत तो निघायचा नाही. माझे यजमान मुंबईला गिरणीत होते, रजा मिळाली नव्हती, त्यामुळे घरात आम्ही तिघंच.

तिसऱ्यांदा दार वाजलं, आणि या वेळी आवाज आला.

"आई."

सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातातला पदर खाली पडला तो त्यांनी उचललासुद्धा नाही.

"आई गं, मी दीना."

दीनाबाय माझी नणंद. दोन वर्षांत या घरात तिचं नाव कुणी काढलं नव्हतं. तिने लग्न केलं होतं शिमशोनशी. शिमशोन होड्या बांधणारा सुतार, देवभोळा, कामसू. पण होता काळा इस्राएल. तुम्हाला वाटेल रंगाने काळा. रंगाचा काही संबंध नाही, तो माझ्यापेक्षा उजळ होता! कुणाच्या तरी आजा-पणजाने जातीबाहेरची बायको केली की त्याची लेकरं-नातवंडं काळी, आणि आम्ही आपले गोरे. देव तोच, उपास तेच, पण सिनेगॉगात त्यांनी मागे बसायचं आणि त्यांच्या घरी आम्ही मुलगी द्यायची नाही. कुणी ठरवलं होतं देव जाणे. कदाचित देवही जाणत नसेल.

दीनाने लग्न केलं तेव्हा मामंजी रेवदंड्याच्या सिनेगॉगात सगळ्यांसमोर उभे राहिले. मी तेव्हा कुमारी होते, बायकांच्या बाजूला माझ्या आईजवळ बसले होते. पवित्र गुंडाळीवर, सेफेरवर, हात ठेवून ते म्हणाले, "माझ्या घराच्या उंबऱ्यावरून ती आत येणार नाही. त्या उंबऱ्यावरून माझ्या घरचं कुणी तिच्याकडे जाणार नाही. असं घडलं, तर त्या वर्षी देवाने मला त्याच्या पुस्तकातून पुसून टाकावं."

आणि नशीब बघा, पुढल्या वर्षी त्याच घरात मी सून म्हणून आले.

आता तीच दीना दाराबाहेर होती, आणि दिवस कुठला, तर पुस्तक मिटायचा.

सासूबाई दाराशी गेल्या. दाराला एक फट होती, तिला डोळा लावला आणि लगेच मागे सरल्या.

"अगो बाई," त्या म्हणाल्या, "पोटुशी आहे. भरलेत दिवस."

"मामंजी!" बाहेरून शिमशोनचा आवाज आला. तो ओटीवर चढलाच नव्हता. अंगणातल्या पावसात उभा राहून ओरडत होता. मेल्याला लहानपणापासून तशीच शिकवण, गोऱ्यांच्या ओटीवर बोलावल्याशिवाय चढायचं नाही. "मामंजी, आज येऊ नये ते कळतं मला. माझाही उपास आहे. पण पोर आडवं आलंय. आमच्याकडच्या म्हाताऱ्या सुईणीने हात टेकले. अलिबागच्या रस्त्यावर पाणी आहे, गाडी जात नाही. म्हातारी म्हणाली, वाचवलं तर सेगुल्लाबाईच वाचवेल."

सेगुल्लाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. पंचक्रोशीत त्यांच्या तोडीची सुईण नव्हती. आगरी म्हणू नका, कोळी म्हणू नका, ब्राह्मणांच्या घरीसुद्धा अडलं की त्यांना बोलावणं यायचं. साऱ्या गावाची पोरं त्यांनी काढली, आणि आता पोटची पोरगी ओटीवर आणि ह्या दाराच्या आत.

त्यांनी मामंजींकडे वळून पाहिलं. मामंजी पुस्तकाकडे बघत होते. दर वर्षी दारफळणीला ते आधी हिब्रू म्हणायचे आणि मग आम्हा बायकांसाठी मराठीत अर्थ सांगायचे. दार वाजलं तेव्हा ते त्या संदेष्ट्याच्या भागाशी आले होते, जिथे देव आपल्या लोकांना उपासाचा जाब विचारतो. माना खाली घातल्यात, गोणपाट नेसलात, राखेत बसलात, पण भुकेल्याला भाकर दिलीत का? बेघराला घरात घेतलंत का?

"पुढचं वाचा," सासूबाई म्हणाल्या.

मामंजींनी ओळीवरचं बोट उचललं.

"दर वर्षी वाचता ना? आज का थांबलात? पुढे काय आहे?"

पुढे काय आहे ते मलाही ठाऊक होतं. स्वतःच्या रक्तामांसापासून तोंड लपवू नका, असं आहे पुढे.

बाहेर दीना ओरडली. असली किंकाळी मी त्यापूर्वी ऐकली नव्हती.

मग सासूबाईंनी जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. त्या दाराला टेकून खाली बसल्या, फटीला तोंड लावलं आणि दारातूनच बाळंतपण करायला लागल्या.

"दीना, ऐकतेस ना? कुशीवर नीज. डाव्या कुशीवर. पाणी गेलं का गं?"

"सकाळीच गेलं, आई."

"शिमशोन! अरे वर ये ओटीवर, तिथे काय उभा राहिलास! तिच्या पोटावर हात ठेव. दाबू नको रे, नुसता ठेव. टणक गोल कुठे लागतंय?"

"इकडे... नाही, तिकडे... कळत नाही मला," तो रडकुंडीला आला होता.

"होड्या बांधतोस ना? लाकूड कुठे फुगलंय ते हाताला कळतं ना तुझ्या? मग बघ नीट."

"कुशीला लागतंय. उजवीकडे."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. "आत हात घालून फिरवावं लागेल," त्या आमच्याकडे बघून म्हणाल्या, "आणि ते त्याच्याच्याने व्हायचं नाही. कुणाच्याच्याने व्हायचं नाही. मला जावं लागेल."

"जीव वाचवायला उपास मोडतो, शनिवारचा शब्बाथ मोडतो," मामंजी हळू आवाजात म्हणाले. "चूल पेटवलेली चालते. सगळं चालतं. पण शपथ..."

"शपथ तुमची!"

"माझी म्हणूनच. सेफेरवर हात ठेवून दिलेली आहे. आणि आज. आज, सेगुल्ला! संध्याकाळी पुस्तक मिटायचंय."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला तोपर्यंत वाटत होतं, हा म्हातारा दगड आहे. तेव्हा कळलं की त्यांना भीती वाटतेय. मरणाची म्हणा, देवाची म्हणा, पण साधी, आपल्यासारख्या माणसाला वाटते तशी भीती. आणि सासूबाईंनाही तीच होती. दार उघडलं तर नवरा जाणार, नाही उघडलं तर लेक जाणार, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. तुम्ही आज हसाल. त्या घरात त्या दिवशी कुणाला हसू येत नव्हतं.

माझ्या तोंडाला मग कुलूप राहीना.

"मामंजी," मी म्हटलं, "गेल्या शनिवारी तुम्ही मला काय वाचून दाखवलंत?"

"गप्प बस गं."

"नाही बसणार. त्या दुसऱ्या संदेष्ट्याचं दाखवलंत. देवाने रागावून त्याच्या लेकराचं नावच ठेवायला लावलं, 'माझे लोक नाहीत.' आणि पुढे तोच देव म्हणाला, जिथे तुम्हाला माझे नाहीत म्हटलं, तिथेच तुम्हाला माझी लेकरं म्हणतील. मी विचारलं होतं तुम्हाला, मग देवाने शब्द फिरवला का? तुम्ही काय म्हणालात?"

सुनेने असं बोलायची रीत नव्हती.

"म्हणालात, देव शब्द फिरवत नाही. न्याय सोडत नाही आणि आपलं माणूसही सोडत नाही. मी विचारलं, दोन्ही कसं जमतं त्याला? तर म्हणालात, तो वाट काढतो."

"तो देव आहे," मामंजी म्हणाले. "मी हसाजी आहे."

दीना पुन्हा ओरडली, पण या वेळी आवाज खोल गेला होता. शिमशोन दारावर दोन्ही हातांनी थडाथडा मारायला लागला. "आई, ती डोळे फिरवतेय! आई!"

सासूबाई उठल्या. पदर खोचला आणि अडसराला हात घातला.

"तुम्ही गेलात तर मी रांडमुंड होईन," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "बऱ्याच होतात. ती गेली तर मी कोण होईन, ते सांगा मला."

"थांब," मामंजी ओरडले. "अडसराला हात लावू नको!"

अस्सा संताप आला मला! वाटलं, ह्या म्हाताऱ्याची दाढी धरून त्याला ओटीवर फरफटत न्यावं. मामंजी तरातरा माजघरातून मागे निघून गेले. तोंड लपवायला गेले, असंच मला वाटलं. सासूबाई अडसरावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. बायकोने नवऱ्याचं ऐकायची सवय हाडात असते ना, ती अशा वेळीही सुटत नाही.

आणि मागून आवाज आला. धाड. मग पुन्हा धाड. सगळं घर हादरत होतं.

मी धावले. चुलीमागे, घराच्या मागच्या अंगाला, पूर्वी घाणा होता. बैल त्या बाजूने आत-बाहेर करायचा. तेलाच्या गिरण्या आल्या, घाणा बंद पडला, बैल विकला, आणि बैलाची ती वाट मामंजींनी कारवीच्या काड्यांचा कूड घालून वर शेणमाती लिंपून बुजवून टाकली होती. हिवाळ्यात तिथून गार वारा यायचा म्हणून मी नेहमी कुरकुर करायचे.

मामंजींच्या हातात लोखंडी पहार होती. अंगात पांढरे कपडे, खांद्यावर प्रार्थनेची शाल, आम्ही तिला सिसिथ म्हणतो, आणि हा उपाशी माणूस कुडावर घाव घालत होता. माती त्यांच्या दाढीत उडत होती. मला वाटलं, ह्यांचं डोकं फिरलं.

"मामंजी, काय करताय हे!"

"चूल पेटव," ते धापा टाकत म्हणाले. "मोठं पातेलं ठेव पाण्याचं. बघतेस काय? बैलाच्या वाटेला उंबरा कुठे असतो!"

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला दोन श्वास गेले. मग मी अशी धावले की पातेलं आदळून त्याचा काठ वाकला. तो वाकडा काठ पुढे कितीतरी वर्षं सासूबाई मला दाखवायच्या.

कारवी मोडली, माती ढासळली, आणि त्या भगदाडातून पाऊस आत आला. मामंजी वाकून बाहेर पडले. घराला वळसा घालून पुढे गेले. मी पुढच्या दाराच्या फटीतून पाहिलं. ते ओटीच्या पायरीपाशी उभे राहिले. दीना ओटीवर आडवी पडली होती, तिने वर पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली.

मामंजी जावयाकडे वळले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं.

"शिमशोन, तू खांद्यांकडून धर. मी पाय धरतो. ह्या बाजूने चल, मागून."

दोघांनी तिला पावसातून घराला वळसा घालून आणली. उंबऱ्याला कुणाचा पायही लागला नाही.

पुढचा वेळ कसा गेला ते मला विचारू नका. सासूबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले, तेल लावलं, आणि मला म्हणाल्या, "हिचे खांदे धर. चावली तरी सोडू नको." चावलीच ती. मी सोडलं नाही. सासूबाई तोंडाने देवाचं नाव घेत होत्या आणि मध्येच शिव्या घालत होत्या, देवाला, नवऱ्याला, दीनालाही. एकदा त्यांचा हात थांबला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. आता काही खरं नाही, असं ती नजर म्हणत होती. मग पुन्हा ओठ दातांखाली धरून त्या कामाला लागल्या.

मामंजी भगदाडाशी बसले होते. पाऊस आत येत होता, म्हणून त्यांनी आपली सिसिथ काढून तिथे आडवी टांगली होती, दोन टोकं कारवीच्या मोडक्या काड्यांना बांधून. तिच्याकडे तोंड करून ते प्रार्थना म्हणत होते. शिमशोन त्यांच्या मागे उभा होता, सवयीने, दोन पावलं अंतर ठेवून. मामंजींनी मागे हात केला, त्याचं मनगट धरलं आणि त्याला शेजारी ओढून बसवलं.

शेवटची प्रार्थना असते ती स्वर्गाची दारं मिटतात त्या वेळची. मामंजी ती म्हणायला लागले, आवाज फुटका, घसा कोरडा. त्यांची प्रार्थना चालू असतानाच पोर रडलं.

मुलगी झाली. निळी पडलेली, सुरकुतलेली, पण रडत होती. सासूबाई मागे टेकून बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर उपडे टाकून म्हणाल्या, "दोघी आहेत. दोघी आहेत गं." आणि मग ओक्साबोक्शी रडायला लागल्या. मीही रडले. दीना तेवढी रडली नाही, ती नुसती छताकडे बघत होती.

पोर पुसून मी मामंजींच्या हातात दिलं. ते बघत राहिले. मग म्हणाले, "शब्द तर मोडला नाही. पण देवाला ही वकिली पटते की नाही, कुणास ठाऊक."

ते वर्ष आम्ही कसं काढलं म्हणून सांगू! मामंजी शिंकले तरी सासूबाईंच्या काळजात धस्स व्हायचं. थंडीत त्यांना ताप भरला, तेव्हा त्यांनी स्वतःच पेटीतलं पांढरं कापड काढून ठेवायला सांगितलं, मयताचं. उतरला ताप. खाडीत होडी कलंडली, तेव्हा पोहत काठाला लागले. प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "अजून वर्ष संपलं नाही." आणि रोज दीना पोर घेऊन मागच्या बाजूने यायची. कुणी सांगावं लागत नव्हतं.

वर्ष फिरलं. दारफळणी चार दिवसांवर आली तेव्हा मामंजींनी शिमशोनला बोलावलं. त्याने त्या भगदाडाला सागाची चौकट बसवली, झोका दिल्यासारखं हलकं उघडेल असं दार केलं. खाली उंबऱ्याचं लाकूड बसवायला घेतलं, तर मामंजी म्हणाले, "उंबरा नको." आणि चौकटीवर देवाच्या वचनाची डबी, आमचा मेजुजा, त्यांनी स्वतः ठोकली.

उपास लागला त्या संध्याकाळी त्यांनी पुढच्या दाराला अडसर घातला. सासूबाई मागचं लावायला निघाल्या.

"ते राहू दे," मामंजी म्हणाले.

"अहो, दारफळणी आहे."

"ठाऊक आहे. मला न्यायला यायचं असेल त्याला, तर येऊ दे त्याच वाटेने. आपण तिथूनच पळवाट काढली होती."

रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस ते दार उघडं राहिलं. सासूबाई त्या दारावरून नजर हलवत नव्हत्या, आणि खरं सांगते, मीही. दुपारी तिथे खुडबुड झाली, आणि आम्ही दोघी दचकून एकमेकींना बिलगलो. रांगत रांगत दीनाची पोर आत आली, थेट मामंजींच्या पुस्तकावर जाऊन बसली. मागून दीना आली, "अगं अगं" करत. मामंजींनी पोरीला उचललं नाही, हाकललं नाही. पुस्तकाचं जे पान तिच्याखालून दिसत होतं तेवढंच वाचत राहिले.

ते खूप वर्षं जगले. आजारी न पडता, एका सकाळी वाचता वाचता गेले.

मयताच्या दिवशी पुढचं दार सताड उघडं होतं. सारं गाव आत-बाहेर करत होतं, गोरे, काळे, आगरी, कोळी. दीना आली. अंगणात लोकांनी तिला वाट करून दिली, कुणीतरी हात धरून ओटीवर घेतली. उंबऱ्यापाशी ती थांबली.

मी पुढे झाले. म्हटलं, "या ना, दीनाबाय. आता कसली शपथ? ज्यांनी घेतली तेच गेले. या आत."

तिने हात सोडवला, पायरी उतरली आणि पदराने डोळे पुसत घराला वळसा घालायला लागली.

"नको गं," ती म्हणाली. "दारातून काय, कुणीही येतं. माझ्यासाठी बाबांनी भिंत फोडली."